पायऱ्यांवरचं गाऱ्हाणं

मालवण, १४ एप्रिल २०२५

तीर्थरूप बाबा,

पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं ते शाळेत पाठ होतं, आता एवढंच उरलंय. बाकीचं समजून घ्या. फोनवर मी बोलत राहणार आणि पलीकडून नुसता श्वास, ते मला जमत नाही. तुम्हालाही जमत नसणार. आईने मागच्या वेळी तुमच्या कानाला फोन लावला तेव्हा तुम्ही तो तिच्या हातात परत दिलात, हे तिनेच सांगितलं. म्हणून पोस्टातून आंतरदेशीय पत्रं आणली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कोणाक रे लिवतंस, चेडवाक?" म्हटलं, पोरीला नाही, बापाशीक. मग त्या हसल्या नाहीत.

मी सध्या जेटीवर आहे. पर्यटकांना लाइफ जॅकेट चढवायचं, होडीत बसवायचं, किल्ला दाखवून परत आणायचं. काल नागपूरच्या एका काकांनी विचारलं, समुद्र किती वाजता बंद होतो? मी म्हटलं, सहाला. ते घाई करायला लागले. तुम्ही मला खाडीत ढकलून पोहायला शिकवलंत, त्यावर आज पोट भरतंय. तेव्हा तुम्हाला शिव्या घातल्या होत्या. आता आभार मानतो.

परवा होडीत पुण्याच्या एक बाई होत्या, त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगत होतो. त्या म्हणाल्या, म्हणजे प्रार्थना. मी म्हटलं, नाही हो, प्रार्थना माणूस पुटपुटतो. हे उभ्याने, खणखणीत. एक जण सगळ्या वाडीच्या वतीने देवाच्या तोंडावर मागतो, अमक्याच्या गुराला बरं कर, तमक्याच्या पोरीचं लग्न जमव, आणि मागे उभे असलेले दर मागण्याला ओरडतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या वाडीत तो मान आमच्या घराचा आहे, माझे बाबा घालतात. "घालतात" म्हणालो मी. होडी किल्ल्याला लागली म्हणून बरं झालं, नाहीतर त्या पुढे काहीतरी विचारणार होत्या.

आपल्या चुलतघरच्या निलेशदादाचं कळलं मला. पाडव्याला तुमच्या जागी त्याने मोबाईलमधून वाचून गाऱ्हाणं घातलं आणि ते निघालं भलत्याच गावचं. मासेवाली हौसाबाई म्हणाली म्हणे, "निलेशा, खंयच्या देवाक आवतान धाडलंस? तो इतक्या लांबसून येतलो कसो, यष्टीन?" आई सांगताना हसत होती. मग म्हणाली, सगळे हसले तेव्हा तुझे बाबा उठून गेले, तेव्हापासून ते घराबाहेर मांगरातच झोपतात, भाताच्या कणगीशेजारी. जत्रेलाही निलेशनेच घालायचं असं गावकीत ठरलंय, तेही तिने सांगितलं. तेव्हा ती हसत नव्हती.

बाबा, इस्पितळातलं एक सांगायचं राहिलंय. गळ्याच्या ऑपरेशननंतर मी तुमच्या खाटेजवळ बसून बडबडत होतो, शेजारच्या म्हाताऱ्याची गोष्ट, नर्सबाईंच्या गावची गोष्ट. तुम्ही दाराकडे बोट केलंत. मला वाटलं चहा हवाय. चहा घेऊन आलो. तुमच्या नाकात नळी, चहा कुठून पिणार, हे मला दारातच आठवलं. तुम्ही परत दाराकडे बोट केलंत. तो चहा मी जिन्यात बसून प्यालो आणि तिथूनच एसटी धरली. राग नाही. बोट दाखवलेल्या माणसाने परत कधी यायचं असतं ते कोणी सांगत नाही, एवढंच.

शिवाच्या टेम्पोतून आंबे घेऊन मुंबईला जाणार आहे. काही हवं असेल तर कळवा. कळवणार नाही ते ठाऊक आहे, पण विचारायला पाहिजे.

निकेत


मालवण, ९ मे

तीर्थरूप बाबा,

जाऊन आलो. शिवा तुमच्या लक्षात असेल, बांद्याचा, ताईच्या लग्नात वाढायला उभा राहिला आणि सोलकढीचं पातेलं सांडून गेला तो. गाडी मात्र जपून चालवतो. घाटात मला म्हणाला, "तू गप बसलंस की माका भ्या वाटता, बोलत रव." असं मला म्हणणारा तो पहिला माणूस.

पेट्या उतरवून झाल्या आणि शिवा टेम्पोतच आडवा झाला. मला कुठली झोप. म्हटलं, वायच फिरून येतो. जायचं होतं बंदराकडे. वाटेत एक सरबतवाला गाणं म्हणत गाडी ढकलत होता, त्याच्या मागे गेलो. गाणं संपेना. तो एका गोल बागेपाशी थांबला, आणि समोर बघतो तर देऊळ.

बाबा, एवढं मोठं देऊळ मी पाहिलं नव्हतं. पांढरं, पुढे जाडजूड खांब, आणि रस्त्यापासून खांबांपर्यंत नुसत्या पायऱ्या. अख्खी वाडी पंगतीला बसेल एवढ्या रुंद. त्यांवर माणसं विखरून बसलेली. एक मुलगी डोळे मिटून ओठ हलवत होती. एक म्हातारे मांडीवर पोथी घेऊन होते. एक पोरगा खांबांकडे बघत कागदावर रेघा मारत होता. मोठ्याने कोणी बोलत नाही. आता तुम्हीच सांगा, माणसाने काय समजायचं? मी खालच्या पायरीशी चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि चढायला लागलो. मे महिन्याचा दगड, सकाळीच तापलेला. म्हटलं, नवसाचं देऊळ असणार, उगाच नाही एवढे चटके.

वर दाराशी खाकी कपड्यांत एक काका. मी विचारलं, "देवीचं आहे की महादेवाचं?"

त्यांनी आधी माझे पाय बघितले. "चपला कुठेत?"

"खाली काढल्या."

"गाव कुठलं तुझं?"

"आरोंदा."

"तरीच! अरे मेल्या, हय देव नाय. हय पुस्तकां आसत."

"सगळीकडे पुस्तकंच?"

"भुयापासून आड्यापर्यंत. मोठे मोठे लिवणारे हय बसान वाचून गेले. हेका टाऊन हॉल म्हणतत. तुज्या बापाशीन नाव ऐकला असतला."

"मगे पायऱ्यो येवढ्यो कित्याक?"

"पुस्तकाकडे येताना माणसान वायच दमाक होया, म्हणान."

त्यांचं नाव धोंडू. देवगडकडचे. चाळीतल्या पोरांना मालवणी येत नाही म्हणून ते माझ्याशी मुद्दाम बोलत राहिले. आत जाऊ दिलं, "खयच्याक हात लावू नको" एवढं बजावून. आत गोल फिरत जाणारा लोखंडी जिना आहे. संगमरवराचे मोठाले साहेब आहेत, एक बसलेला, एक उभा, कपडे असे की वाऱ्यावर हलतील. मी विचारलं, हे इथले राखणदार का? धोंडूकाका म्हणाले, "राखणदार मी. ते नुसते थंड खातत."

पुस्तकांचा वास आपल्या मांगरातल्या भाताच्या कणगीसारखा येतो. हे मी तिथल्या एका आजोबांना सांगितलं, ते वर्तमानपत्रावर हात ठेवून डुलकी काढत होते. ते रागावले नाहीत. घरी बोलायला कोणी नाही म्हणून ते रोज येतात, इथेही कोणी बोलत नाही, पण इथलं न बोलणं बरं वाटतं, असं म्हणाले. त्यांच्यापाशी बराच वेळ गेला. मला पुस्तकांतलं फार कळत नाही ते तुम्ही जाणता. पण कपाटांमधून चालताना वाटलं, ही सगळी माणसं आपापलं बोलून गेली आणि कोणीतरी ते काचेमागे जपून ठेवलं.

खाली आलो तर चपला गायब. नव्या होत्या, मालवणच्या बाजारातल्या. शिवाने त्याच्या जुन्या स्लीपर दिल्या, डावी मोठी आणि उजवी लहान. तशाच घालून आलो.

बाकी काही झालं नाही.

निकेत


कणकवली, २० जुलै

तीर्थरूप बाबा,

पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या, जेटी बंद. मी आता कणकवलीत डेपोसमोर एका चहाच्या टपरीवर आहे. मालकाला माझं बोलणं आवडतं, कारण गाडी चुकलेली माणसं माझं ऐकत दुसरा चहा घेतात.

आईचा फोन आला होता. म्हणाली, चपलांचं वाचताना तुझ्या बाबांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं, खोकला अडकला. ती पाणी घेऊन धावली. मग कळलं, हसताय. ती रडली फोनवर. मी टपरीच्या मागे जाऊन उभा राहिलो थोडा वेळ. तुम्ही हसलात ते बरं झालं. पण मग मागच्या पत्रात लपवलेलं आता सांगायलाच हवं. बाकी काही झालं नाही असं मी लिहिलं होतं. झालं होतं.

चपला गेल्याचं बघून मी पायरीवर बसलो. मघाशी ओठ हलवणारी ती मुलगी शेजारीच होती. संचिता तिचं नाव. माझ्यापेक्षा लहानच असेल. मला म्हणाली, "तुझ्या चपला नेताना मी बघितलं. ओरडणार होते. आवाजच फुटला नाही. सॉरी हां."

मला वाटलं, थट्टा करतेय. तर नाही. ती कविता करते. त्या दिवशी संध्याकाळी आत माणसांसमोर तिला स्वतःची कविता वाचायची होती, पहिल्यांदाच. घरी भिंतीला धडाधड म्हणून दाखवते, माणसं दिसली की गळा बंद. आदल्या वेळी एका ठिकाणी नुसती उभी राहून खाली उतरली होती. या वेळीही तसंच झालं तर पुन्हा लिहिणारच नाही, असं तिने ठरवलं होतं. हे सगळं ती हसत हसत सांगत होती, पण हातातला कागद घामाने मऊ पडला होता.

मी म्हटलं, "माझ्या बाबांचा गळा बंद झालाय. खरोखरचा. कापून काढलाय."

तिने कागद मांडीवर ठेवला.

मग मी तिला तुमचं सांगितलं. देवीसमोर तुम्ही उभे राहता ते, गाऱ्हाण्याचं, सगळं. म्हटलं, आमच्यात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणं घालतात, मग भीती राहत नाही.

ती म्हणाली, "मग घाल ना माझ्यासाठी."

"मी नाही घालत. बाबा घालतात. मी मागचा. व्हय म्हाराजा म्हणणारा."

धोंडूकाका चहाचा ग्लास घेऊन खाली आले होते, ते म्हणाले, "आता तुज्या म्होऱ्यात कोण उबो आसा रे? हो रस्तो?"

माझ्या पुढे खरंच कोणी नव्हतं. मी उभा राहिलो. खरं सांगायचं तर पाय भाजत होते म्हणूनही उभा राहिलो. मग तोंड उघडलं आणि बाबा, ते आलं. कसं ते विचारू नका. लिहून ठेवतो, आठवतंय तेवढं:

"बा देवा म्हाराजा! ह्या पायऱ्यांच्या राखणदारा, तुजा नाव माका ठावक नाय, तू खंयच्या गावचो ताय ठावक नाय. पण जागो तुजो आसा, आणि आमी तुज्या दारात उबे आसव."

धोंडूकाका ग्लास खाली ठेवून ओरडले, "व्हय म्हाराजा!" कबुतरं उडाली.

"ह्या चेडू आज तुज्या पायऱ्येर बसलासा. तेच्या पोटात सबूद आसत, ते गळ्यात येवन अडाकतत. खाडीच्या तोंडाचो गाळ काढतत तसो तो गाळ काढ, आणि पाणी मोकळा सोड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" आता संचितापण. बारीक आवाजात, पण आला.

"हो तुजो धोंडू रोज ह्यो पायऱ्यो चडता. तेच्या ढोपरात कळ भरता. तेका खालच्या फाटकार बसव. आत एक आजे पेपरार हात ठेवन निजलेसत, तेंका उठवू नको, आणि घराक गेल्यार तेंका कोणाचो तरी एक फोन येवंदे. जेणा माज्यो चपला न्हेल्यो तेच्या पायाक त्यो बरोबर होवंदेत, तेका माज्यापेक्षा गरज आसतली. आणि शिवाचो टेम्पो पोलिसान उचललो आसात तर बेगीन सोडव, म्हाराजा!"

मागून आलेला "व्हय म्हाराजा" ऐकून मी वळून बघितलं. रेघा मारणारा पोरगा, पोथीवाले म्हातारे, दोन कॉलेजच्या मुली, सरबतवालासुद्धा. अर्थ किती जणांना कळला देव जाणे. हसत होते, पण म्हणत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. आपल्या घराची रीत मला माहीत आहे, गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागायचं नसतं. आजीच्या आजारपणात वाडीतल्या प्रत्येक घराचं मागून तुम्ही मागे फिरलात, आजीचं नाव नाही घेतलंत. पण ते काही देऊळ नव्हतं. मी म्हटलं, आरोंद्याक दाजी म्हणान एक माणूस आसा, तेणा जल्मभर दुसऱ्यांसाठी मागला, तेका... आणि पुढे मला येईना. काय मागणार? गळा परत येत नसतो. संचिता हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." माझं वाक्य पुरं झालंच नव्हतं, तरी.

शिवाचा फोन वाजत होता, पळावं लागलं. संध्याकाळी तिने कविता वाचली की नाही ते मला ठाऊक नाही. नंबर घेतला नाही. माझं असंच असतं.

पण बाबा, हे ऐका. वाक्य संपताना तुम्ही आवाज खाली सोडता, मागच्यांना पाय ठेवायला जागा करून देता. माझा आवाज तिथे आपोआप खाली गेला. मी कधी शिकलो नाही. तुम्ही शिकवायला बसवायचात आणि मी पळायचो. तरी दर जत्रेला तुमच्या पाठीशी उभा होतो, लहानपणी तर खांद्यावर. आणि जत्रेच्या आधी तुम्ही घरोघर फिरायचात, आई चिडायची, "ह्यांका खंय फुकटची चाय गावता ती बरी कळता." आता कळतं, कोणाच्या ढोपरात कळ आहे ते बसल्याशिवाय समजत नाही. मला सगळे भटका म्हणतात. कोणाकडून आलं ते मी आता सांगू शकतो.

काचेच्या कपाटात तुमचं बोलणं नाही. मला वाटायचं, ते गेलं. गेलं नाही बाबा. तुमच्या परवानगीशिवाय मी ते मुंबईला नेऊन वापरलं. त्याचे आभार मानायला हे पत्र.

निकेत


कणकवली, ६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा,

हे छोटंच. निलेशदादाचा फोन आला होता. म्हणाला, "मेल्या, माका सोडव ह्याच्यातून. हौसाबाय रोज बाजारात इचारता, औंदा खंयच्या देवाक बोलवतलंस म्हणान. माजी बायलपण हसता." मी म्हटलं, दाजींना विचार. तो म्हणाला, विचारलं, तर त्यांनी आढ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नाही म्हणायचं असतं तर बोट दाखवलं असतं, त्याचा मला अनुभव आहे.

पायऱ्यांचं पत्र वाचून तुम्ही परत घरात जेवायला आलात, आणि दोनदा भात घेतलात, हे आईने सांगितलं. झोपायला मांगरातच, हेही. त्या पत्राबद्दल तुम्हाला काय वाटलं ते कळायला मार्ग नाही. निलेशदादा चुकला तेव्हा तुम्ही उठून गेलात. मी चुकलो तर तुम्ही परत मांगरातून बाहेरच येणार नाही, आणि त्याला कारण मी असेन, ही भीती आहे. तरी जत्रेला येतो, गाऱ्हाणं मी घालतो.

आल्यावर आधी वाडी फिरणार. चहा प्यायला. आईला सांगून ठेवा. म्हणजे, आईला हे पत्र दाखवा.

निकेत


आरोंदा, ३ डिसेंबर

बाबा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुम्ही आतल्या खोलीत आणि मी बाहेर अंगणात, खळ्यात, मध्ये एक भिंत, तरी लिहितोय. तुमच्यासमोर बसून मी बोलणार आणि तुम्ही नाही, हे मला बरोबर वाटत नाही. लिहिताना आपण दोघे सारखे.

कालचं जत्रेतलं गाऱ्हाणं तुम्ही पाहिलंत, पण माझ्या पाठीमागून. तुम्ही फणसाखाली होतात, एवढंच मला दिसलं. देवीसमोर उभा राहिलो आणि आधी स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग मला त्या पायऱ्या आठवल्या, तो पायाखालचा चटका, आणि बा देवा म्हाराजा, गो सातेरी माये, असं सुरू झालं ते थांबलंच नाही. गंगूच्या घरी पाळण्यातल्या नातवाचं नाव घेऊन मागितलं. धाकट्या वाडीच्या बांधाचं मागितलं, खारं पाणी आत येतं ते. निलेशदादाच्या नोकरीचं. ज्यांनी मला घरात घेऊन चहा दिला त्या सगळ्यांचं, आणि ज्यांनी नाही दिला त्यांचंही. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, असा पाठीवर नुसता धक्का बसत होता. एवढा जोर पुढे उभ्या माणसाला लागतो हे मागे राहून कधी कळलं नव्हतं.

तुमचं नाव घेतलं नाही. रीत पाळली. संपवून नारळाला हात घातला, तोच मागून हौसाबाई.

"रे निकेता, थांब! वाडीचा मागलंस, गुरांचा मागलंस, आणि दाजीचा?"

मी म्हटलं, "हौसाआजी, आमच्या घराचं आम्ही मागायचं नसतं."

"ता तुमचा. आमका कोणी आडवलानी?"

कोणीतरी म्हणालं, बायल माणसान गाऱ्हाणा खंय घालतत? ती त्याच्यावर उखडली, "माका तोंड दिल्यान ता कित्याक, फकत बांगडे इकूक?" आणि पदर खोचून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी सरकून जागा दिली.

"गो माये," ती म्हणाली, म्हाराजा वगैरे काही नाही, जशी दारात बसून आईशी बोलते तशी, "ह्या दाजीचो गळो न्हेलंस तो न्हेलंस. तुजी मर्जी. पण तेचा रागावणा कित्याक न्हेलंस? तो कोणाक रागावणा नाय तर ही वाडी वळणार येतली कशी? गळो ठेव तुज्याकडे. रागावणा तेवढा परत दी."

मग सगळी वाडी ओरडली. निलेशदादा सगळ्यात मोठ्याने. मी मागे वळून फणसाखाली बघत होतो. तुम्ही तिथे नव्हतात.

मला वाटलं, संपलं. रात्रभर मांगरात दिवा होता, मी आलो नाही. दाखवलेलं बोट परत बघायची हिंमत नव्हती.

सकाळी आईच्या ओरडण्याने उठलो. "ह्या काय करून ठेवल्यानी! कालच सारवलेला खळा!" मी बाहेर आलो. झाडूची हीर घेऊन तुम्ही अख्ख्या खळ्यात लिहून ठेवलं होतं, अजून मऊ असलेल्या शेणात, पायरीपासून तुळशीपर्यंत, अक्षरं वितीएवढाली. इस्पितळातून आल्यापासून तुम्ही हातात पेन धरलं नव्हतं. मी कडेकडेने, वाकून, तुळशीला वळसा घालून वाचलं.

पयली ओळ: आवाज खाली ठेव. सातेरी बहिरी नाय.

दुसरी: गंगूच्या नातवाचा नाव चुकलंस. घरात जावन परत इचार.

चौथी: पुस्तकांच्या पायऱ्येर घराचा मागलंस ता बरा केलंस नाय.

पाचवी: हौसाबायक सांग, बांगडे घेवन ये.

मी तिथेच उकिडवा बसलो आणि हसलो, आणि आई विचारत राहिली, काय झाला, काय लिवल्यानी, वाच की मोठ्यान. वाचलं तिला. पयली ओळ वाचताना आवाज खाली ठेवला. ती म्हणाली, "इलो. माजो घोव परत इलो." आणि मग लगेच, "पण खळा कोणी सारवचा?"

बाबा, बोट दाखवलंत तेव्हा मला दार दिसलं होतं. आता एवढं ओरडलात की खळा पुरला नाही. माझ्यावर एवढं कोणी कधी खर्चलं नव्हतं. मी आभारी आहे, आणि चुकलेलं नाव आज संध्याकाळी विचारून येतो.

फक्त तिसरी ओळ. मी उठायच्या आधी आईने कोंबड्या सोडल्या होत्या आणि त्या नेमक्या तिथेच फिरल्या. सुरुवातीचं "तू" दिसतंय आणि शेवटचं "बरो". मधलं सगळं पायांनी उकरलंय. मी दोनदा गुडघ्यांवर बसून बघितलं, लागत नाही. आई म्हणते, विसर ता, काय असतला ता असतला.

शेणाचा नवा गोळा आणून तेवढा तुकडा मी सारवून ठेवलाय. हीर उंबऱ्याशी आहे. तिसरी ओळ परत लिवा. कोंबड्यो कोंडून ठेवल्यासत.

निकेत